वाळवंटात खणलेला चर

लोक राजस्थानात जातात ते किल्ले बघायला आणि उंटावर बसून फोटो काढायला. मी गेलो आणि एक चर खणून आलो. किल्ला बाहेरूनच पाहिला, उंटावर बसलो नाही. तेव्हा हे वाचून कोणाला तिकडे जावंसं वाटलंच तर किल्ल्याची माहिती दुसऱ्या कोणाकडून घ्यावी. मी सांगणार ते तिथल्या हवेबद्दल, उन्हाबद्दल आणि पावसाबद्दल. तेही नीट सांगता येईल याची खात्री नाही, कारण पंधरा दिवस राहूनही मला त्यातलं फारसं कळलेलं नाही.

कुरवंडे

आमचं घर नागफणीकडे जाणाऱ्या वाटेवर, कुरवंड्यात. घरची भातशेती आहेच, पण माझी नोकरी लोणावळ्याच्या एका धरणावर होती. काम एकच, पाऊस मोजायचा. रोज सकाळी साडेआठला नरसाळं उचलायचं, खालच्या बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. या नोकरीत तीस वर्षं गेली. त्यामुळे गावात पावसाचा विषय निघाला की शेवटचा शब्द माझा असतो. निवृत्त झालो तरी हा मान गेला नाही, आणि खरं सांगायचं तर मीच तो जाऊ दिला नाही.

मुलगी अश्विनी जैसलमेरच्या पलीकडे पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामावर आहे. शहरात खोली न घेता ती कामाच्या जवळ एका ढाणीवर राहायची. ढाणी म्हणजे आपली वाडीच, फक्त एकाच घराची. घर भुराराम आणि धापू या साठीच्या नवरा-बायकोचं. त्यांच्या लेकी सासरी, त्यामुळे त्यांनी हिला लेकीसारखं ठेवलं होतं.

आषाढात तिचा फोन आला तेव्हा आमच्याकडे नेहमीची झड लागलेली, आणि तिला ओरडून बोलावं लागत होतं. ती म्हणाली, घरचा टाका तळाला गेलाय. टाका म्हणजे अंगणात जमिनीखाली बांधलेलं पाण्याचं टाकं, वर्षभर प्यायला माणसं आणि गाई त्याच्यावर. एखादा चांगला पाऊस झाला आणि टाका भरला तर घर चालू राहील. नाहीतर भुराराम गाई घेऊन धापूच्या भावाच्या गावी, कालव्याकाठी जाणार, आणि ढाणीला कुलूप लागणार. धापूला ते नको होतं. लग्न होऊन आल्यापासून तीनदा तिनं असं घर बंद केलं होतं, आणि चौथ्यांदा करायची तिची तयारी नव्हती.

मी म्हटलं, पाऊस म्हणजे आपला विषय, जाऊन तरी येऊ. आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकली होती, भात भावाच्या हवाली केलं. बायको सुमन हिने दोन छत्र्या, दोन रेनकोट, प्लास्टिकचे चार मोठे कागद आणि पाच किलो चिक्की असं सामान घेतलं. वाळवंटात रेनकोट कशाला हे आम्हां दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. आषाढात घराबाहेर पडायचं तर रेनकोट घ्यायचा, एवढंच ठाऊक.

ढाणी, पहिले दिवस

पोचलो आणि पहिला गोंधळ झाला तो महिन्याचा. आम्ही घरून आषाढ वद्यात निघालो, आणि इथे उतरल्यावर भुराराम सांगतो की सावन सुरू झाला. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, त्यामुळे ते पंधरा दिवस पुढे. अश्विनीने हे दोनदा समजावलं. तरी मी पंधरा दिवस नेमका कोणत्या महिन्यात राहिलो हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. सुमनने सोमवार धरावा की धरू नये यावर तिथेच एक दिवस काढला, आणि शेवटी दोन्हीकडचं चुकायला नको म्हणून धरला.

दुसरा गोंधळ घामाचा. ऊन असं की डोळे उघडवत नाहीत, पण अंगाला घाम नाही. मला वाटलं तब्येत बिघडली. नंतर कळलं की घाम येतो, पण दिसायच्या आतच वाळतो आणि सदऱ्यावर मिठाची पांढरी नक्षी उरते. ओठ फुटले, नाक आतून दुखायला लागलं. आमच्याकडे या दिवसांत मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी चुलीवर शेकून घ्यावी लागते, अंथरुणाला बुरशीचा वास येतो. इथे मीठ बरणीतून वाळूसारखं सरसरत पडत होतं. आणि लोणावळ्यात चार दिवसांत चिकट होणारी चिक्की इथे पंधराव्या दिवशीही कडकडीत. भुराराम ती फोडून खायचा आणि मला विचारायचा की तुमच्या गावी असा गूळ कायमच दगडाचा असतो का.

सुमन तर वेडीच झाली. कपडे दोरीवर टाकून चहा ठेवायचा, आणि चहा होईपर्यंत कपडे वाळलेले. आमच्याकडे पावसाळ्यात धोतर वाळायला आठवडा लागतो, तोही चुलीवरच्या दोरीला. दुसऱ्याच दिवशी तिने धापूकडून डाळ मागून घेतली आणि आषाढात, की सावनात म्हणा, पापड लाटायला बसली. जन्मात पहिल्यांदा पावसाळ्यात वाळवण घालायला मिळतंय म्हणून दोघी हसत होत्या. भाषा एकीला दुसरीची येत नव्हती. पण पापडाला भाषा लागत नाही, आणि रोज संध्याकाळी खाटेवर पापडांची चळत वाढत होती.

पाण्याचं वागणं मात्र शिकावं लागलं. ताटं राखेने घासून पुसायची. आंघोळ खाटेवर बसून, खाली घमेलं ठेवून करायची, आणि घमेल्यातलं पाणी शेळ्यांच्या गोठ्याजवळच्या खेजडीच्या झाडाला घालायचं. जेवायला बाजरीची भाकरी, ताक, कढी, आणि केर-सांगरीची भाजी, म्हणजे झुडपाची फळं आणि खेजडीच्या शेंगा वाळवून केलेली. सगळं वाळवलेलं किंवा आंबवलेलं. ओली हिरवी भाजी पंधरा दिवसांत मी पाहिली नाही, आणि तिसऱ्या दिवसानंतर तिची आठवणही आली नाही.

आजूबाजूच्या ढाण्यांवरचे लोक मला बघायला यायचे. एवढ्या पावसाच्या गावचा माणूस म्हणून. एका म्हाताऱ्याने विचारलं की यंदा तुमच्याकडे किती मेह झाले. मेह म्हणजे पाऊस, पण ते पाऊस नगावर मोजतात. एक मेह, दोन मेह. तीन झाले तर साल चांगलं. आमच्याकडे जूनमध्ये लागतो तो गणपतीपर्यंत उठतच नाही, त्याला एक म्हणायचं की शंभर? तीस वर्षं पाऊस मोजलेल्या माणसाला पहिल्यांदाच पाऊस मोजता आला नाही. मग धापूने विचारलं, एवढं पाणी जातं कुठे? मी म्हटलं, डोंगरावरून खाली कोकणात. ती सुमनकडे वळून काहीतरी बोलली. अश्विनीने अर्थ सांगितला की म्हणतेय, आणि कोणी अडवत नाही?

अंगण

आता अंगणाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथेच झालं.

घर म्हणजे दोन गोल झोपड्या आणि दगडी फरशीच्या सपाट छताची एक पक्की खोली. समोर भलंमोठं अंगण, चोपून गुळगुळीत केलेलं, आणि त्याच्या खालच्या अंगाला टाका. टाक्यावर घुमटीसारखं झाकण, कडेला जमिनीलगत तीन भोकं, भोकांना जाळी. पक्क्या खोलीच्या छतावरून एक पाइप टाक्यात सोडलेला.

या अंगणात पायात काही घालून जायचं नाही. मी पहिल्या दिवशी चपला घालून गेलो तर धापू धावत आली आणि हात जोडून मला बाहेर काढलं. शेळी आत शिरली तर तिला हाकलून तिच्या लेंड्या टिपून घेत. रोज सकाळी धापू ते अंगण झाडायची. मी समजलो की टाक्याजवळ देवस्थान आहे. मग मीही रोज सकाळी अनवाणी जाऊन घुमटीला नमस्कार करू लागलो. भुराराम ते बघायचा, पण पाहुण्याला कोण विचारणार? त्याला वाटलं, पाण्याला नमस्कार करायची मावळात पद्धत असेल.

पण माझ्या अनुभवी डोळ्यांना एक गोष्ट खुपत होती. अंगणाचा सगळा उतार टाक्याकडे. आमच्याकडे घर बांधताना पहिली गोष्ट बघतात ती ही, की अंगणाचं पाणी बाहेर कसं जाईल. मिरगाआधी प्रत्येक घराभोवती चर खणला जातो. चर नसेल तर पाणी जोत्यात शिरतं, भिंत फुगते, विहिरीत गाळ जातो. ज्याच्या दारात चर नाही त्याला गाव आळशी म्हणतं. आणि माझ्या नोकरीचा धडाही तोच होता. नरसाळ्यात वरून पडेल तेवढाच पाऊस खरा. जमिनीवरचा एक थेंब जरी उडून आत गेला तरी नोंद नासली. इथे तर पिण्याच्या पाण्यात अंगण धुऊन जायची सोय केलेली! छताचा पाइप बघून माझी खात्री पटली की टाका भरतो तो छतावरून, आणि ही भोकं म्हणजे बांधणाऱ्याची चूक. आमच्याकडच्या पावसात तेवढ्या छताखाली तो टाका एका सकाळीत ओसंडला असता.

अश्विनीला विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. पण ती पहाटे जायची, संध्याकाळी दमून यायची. आणि पावसाचं मी कोणाला विचारायचं?

नववा दिवस

आठ दिवस मी रोज ढग बघून भाकीत केलं आणि आठही दिवस चुकलो. आमच्याकडे ढग घाटाकडून येतो, त्याला येण्याचा रस्ता आहे. इथे तो कुठूनही उगवतो, तासभर उभा राहतो आणि विरून जातो. एकदा काळंकुट्ट आलं म्हणून मी सुमनच्या पापडांवर प्लास्टिक टाकलं, तर ती वाळूची आंधी निघाली आणि पापडांसकट प्लास्टिक शेजारच्या ढाणीवर गेलं.

नवव्या दिवशी मी काहीच म्हटलं नाही, आणि त्याच दिवशी दुपारी पूर्वेकडून खरा ढग आला. भुराराम आणि धापू गाई आणायला गेलेले, अश्विनी कामावर. वाऱ्याला ओल्या मातीचा वास आला तसा मी उठलो आणि गोठ्याजवळचं फावडं घेतलं. मनात आलं, नऊ दिवस या लोकांचं अन्न खाल्लं, परतफेड करायची ती हीच वेळ. टाक्यात गाळ जाऊ द्यायचा नाही.

सुमन दारात आली. म्हणाली, "आवं, इचारा तरी आदी त्यांस्नी."

मी म्हटलं, "पावसाचं मला कोन सांगनार?"

चपला काढल्या, कारण देवाची जागा. टाक्याच्या वरच्या बाजूने, हातभर अंतर सोडून, अर्धगोल चर खणला आणि त्याचं तोंड खालच्या उतरणीकडे काढून दिलं. अंगणाचा वरचा थर लोखंडासारखा होता, पण खाली रेती. मावळातल्या तांबड्या चिखलापुढे ते काम काहीच नव्हतं. चर उत्तम झाला. गावात बघणाऱ्याने नाव काढलं असतं.

मग पाऊस आला. जाड थेंबांचा, तिरका, जोरात. अंगण भराभर भिजलं आणि सगळीकडून पाणी उताराला लागलं. माझ्या चरापाशी आलं, वळलं, आणि एक थेंबही टाक्याकडे न जाता शिस्तीत उतरणीकडे वाहू लागलं. तिथली वाळू ते पीत होती. छताच्या पाइपातून करंगळीएवढी धार टाक्यात पडत होती. ती धार बघून मी जरा चपापलो. एवढीशीच? तेवढ्यात लांबून भुराराम पळत येताना दिसला, भिजलेला, दोन्ही हात वर करून हसत. मागे धापू, तिच्यामागे गाई. मलाही हसू आलं.

तो अंगणाच्या कडेला आला, जोडे काढले, आणि चर पाहिला.

तो तसाच चरापाशी गुडघ्यावर बसला आणि हातांनी वाळू आत लोटायला लागला. वाळू लोटली की पाणी ती घेऊन जात होतं. धापू येऊन त्याच्याशेजारी बसली. ती रडत होती आणि वाळू लोटत होती. मी फावडं हातात घेऊन उभा, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हे अंगण म्हणजे नरसाळं. एवढं मोठं नरसाळं, कारण वरून पडणारं एवढं थोडं. टाक्याचं तोंड म्हणजे ती तीन भोकं, आणि मी ती नरसाळ्यापासून तोडून टाकली होती.

भुरारामने डोक्यावरचा साफा ओढला. नऊ-दहा हातांचं लाल कापड, त्याने घडी घालून चरात आडवं दाबलं, वर वाळू लोटली, आणि मग पाणी अडलं. मीही पालथा पडून दोन्ही हातांनी कडा दाबून धरली. पाणी चढलं, चरावरून पलीकडे गेलं आणि जाळीतून आत पडायला लागलं. आतून पाण्याचा आवाज आला. तो आम्ही ऐकतोय तोवर पाऊस थांबला.

सगळा मिळून आमच्याकडच्या एका सरीएवढा. पाच मिनिटांत ऊनही पडलं.

धापूने गाठी मारलेला दोर टाक्यात सोडला. त्यांचं पर्जन्यमापक ते. ओल्या दोरावर तिने गाठी मोजल्या. चांगल्या मेहाला सहा गाठी भिजतात, हे अश्विनीने मला संध्याकाळी सांगितलं. त्या दिवशी दोन भिजल्या होत्या.

भुराराम चिखलाने भरलेला साफा हातात घेऊन खाटेवर बसला. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. त्याने विचारलं, "भाईसा, आपके उधर पानी को बाहर निकालते हैं?"

मी म्हटलं, "हां."

"सारा?"

"सारा."

त्याने मान हलवली. रागाने नव्हे. त्याला खरोखर कळत नव्हतं. मला त्याच्या अंगणाचं जेवढं कळलं नव्हतं तेवढंच त्याला आमच्या चराचं कळलं नाही. मला लाज वाटली, आणि ती अजून वाटते.

पुढचे सहा दिवस

खळं चोपणं हे मावळातल्या माणसाला येतं. दुसऱ्या दिवसापासून मी चर भरून काढला, मुरूम आणून पसरला, पाण्याऐवजी गोमूत्राचा हबका मारला आणि लाकडी चोपण्याने सकाळ-संध्याकाळ ठोकत बसलो. धापू आधी माझ्या हाताला फावडं लागू देईना, पण चोपणं दिलं. सहाव्या दिवशी तिने त्या जागेवरून अनवाणी फिरून पाहिलं, टाचेने दाबून पाहिलं, आणि पुढे झाडायला गेली. ते मी पास समजलो.

ढग मात्र आला नाही. आभाळ कसं, पुसल्यासारखं. निघताना भुरारामने आम्हांला रस्त्यापर्यंत सोडलं. साफा त्याने घातला नव्हता. चिखल वाळून कडक झालेला तो तसाच खुंटीवर होता. धुवायला पाणी कोण काढणार? दुसरा जुना पंचा त्याने डोक्याला गुंडाळला होता.

पुन्हा कुरवंडे

घरी आलो तर झड चालूच. ओसरीत बसलो की समोरच्या चरातून पाणी खळाळत जाताना दिसायचं, आणि मी खुर्ची फिरवून बसायचो. रोज संध्याकाळी अश्विनीला फोन. मेह झाला का? नाही बाबा. एकदा झाला म्हणाली, पण नुसतं अंगण भिजलं, पाणी जाळीपर्यंत येऊन थांबलं. चोपलेली जागा धरून राहिली, तेवढं तिने मुद्दाम सांगितलं.

राखी झाल्यावर त्यांनी ढाणी बंद केली. जायच्या सकाळी धापूने अंगण झाडलं, माणसं नसताना पाऊस पडला तर वाया जायला नको म्हणून. मग कुलूप लावून गाई घेऊन दोघं कालव्याकाठी गेली. अश्विनीने शहरात खोली घेतली. चौथ्यांदा, एवढंच सुमन म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी करपू दिली.

गणपतीला अश्विनी आली. तिने बॅगेतून एक गाठोडं काढून माझ्यापुढे ठेवलं. आत साफा होता, वाळलेल्या चिखलासकट, जसाच्या तसा.

मी विचारलं, हे काय?

ती म्हणाली, "काकांनी दिलाय. म्हणाले, तुझ्या वडिलांकडे पाणी भरपूर आहे, त्यांना म्हणावं धुऊन ठेवा. आणि पुढच्या सावनात स्वतः घेऊन या. त्यांच्या सावनात, तुमच्या नाही."

मी साफा घेऊन अंगणात गेलो. दारातल्या चरात धरला. तिकडची वाळू आमच्या पाण्यात सुटून कोकणाच्या वाटेला लागली, आणि कापड हळूहळू लाल झालं. स्वच्छ पिळून घरात चुलीवरच्या दोरीला टाकला.

तिथे एका चहात वाळला असता. इथे आज सातवा दिवस आहे. रोज सकाळी साडेआठला उठून मी त्याला हात लावून बघतो. अजून ओलाच आहे.